साठची रेषा आणि विदर्भातले किडनीचे रुग्ण

२०१७ सालच्या जागतिक मोजणीत दीर्घकालीन किडनीविकाराचे जवळपास ७० कोटी रुग्ण धरले गेले; त्यातले साडेअकरा कोटींच्या आसपास भारतातले. त्या एका वर्षात सुमारे १२ लाख माणसे या आजाराने गेली. हे आकडे ज्या व्याख्येवर उभे आहेत ती फार जुनी नाही.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञगटाने ठरवले: किडनीची गाळणक्षमता, म्हणजे जीएफआर, मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली तीन महिने राहिली तर तो विकार. गाळणक्षमता चांगली असली, पण लघवीतून प्रथिने जात असली, तरीही विकारच. पाच टप्पेही तेव्हाच पडले. त्याआधी ज्याची किडनी निकामी व्हायला आली तोच रुग्ण मोजला जायचा.

साठच्या रेषेवरचा वाद आजही मिटलेला नाही. वयानुसार गाळणक्षमता उतरतेच. मग सत्तरीतल्या धडधाकट माणसाला केवळ ५५ आकड्यामुळे रुग्ण का म्हणायचे, असा आक्षेप आला. शिवाय मोठ्या सर्वेक्षणांत रक्त बहुधा एकदाच तपासले जाते. तीन महिन्यांची अट कागदावरच राहते. रेषेच्या बाजूचे म्हणणे असे, की साठच्या खाली हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका खरोखर वाढतो. २०१२ च्या सुधारणेत तिसरा टप्पा ४५ वर दुभागला, लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला बरोबरीचे स्थान मिळाले. पण साठ हलला नाही.

या वादात श्रीमंत देशांतल्या म्हाताऱ्यांची काळजी जास्त झाली. विदर्भातला प्रश्न उलटा आहे. जीएफआर काढतात रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून आणि क्रिएटिनिन येते स्नायूंतून. ज्याच्या अंगावर मांसच नाही, त्याचे क्रिएटिनिन मुळात कमी. पाश्चात्त्य शरीरांवर बसवलेले समीकरण अशा माणसाची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवते. पन्नाशीतल्या शेतमजूर बाईच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनचा १.२ आकडा येतो, शेजारी छापलेल्या मर्यादेत तो बसतो, आणि ती घरी जाते. आजच्या समीकरणाने तिचा जीएफआर ५५ च्या आसपास निघतो. बाई किरकोळ अंगाची असेल तर खरा आकडा आणखी खाली.

मधुमेह आणि बीपी ही कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. विदर्भात त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर पडते. हा आजार किडनीलाही सोडत नाही. ४५ अंशांच्या उन्हात राबणे आणि अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, हेही आहेच. मध्य अमेरिकेतल्या ऊसमजुरांत आणि आंध्रातल्या उद्दानममध्ये मधुमेह-बीपी नसताना किडन्या गेल्या, तेव्हापासून ऊन आणि पाणी हे विषय संशोधनात आले. कारण अजून पक्के ठरलेले नाही. पण आपल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, आणि फ्लोराईडच्या गावांत कसून तपासणी व्हायला हवी, असे म्हणायला तेवढे पुरे आहे.

गडचिरोली, चंद्रपूर, थेट मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून माणसे नागपूर गाठतात ती अनेकदा पाय सुजल्यावर, दम लागल्यावर. मग डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला, आठवड्याला दोन-तीनदा चार-चार तास मशीन. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांतल्या डायलिसिसची घोषणा झाली. गरिबांना त्याचा मोठा आधार झाला, पण सगळा भर शेवटच्या टप्प्यावर गेला.

आता चित्र थोडे बदलते आहे. मूळच्या मधुमेहावरच्या काही गोळ्या किडनीची घसरण मंदावतात, हे २०१९ नंतरच्या मोठ्या चाचण्यांत दिसले. त्यातल्या एकीचे पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपले आणि किंमत झपाट्याने उतरली. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्यावर पहिल्यांदा स्वतंत्र ठराव केला. गोळी स्वस्त झाली, तरी ती द्यायची कुणाला हे कळायला लघवीतले अल्ब्युमिन तपासावे लागते, आणि ती तपासणी गावपातळीवर अजून नेमाने होत नाही.