स्मृतिभ्रंश, मोबाइल आणि घरची वाट

मे 2000 पर्यंत सर्वसामान्यांना मिळणाऱ्या जीपीएसमध्ये अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. ही चूक शंभर मीटरपर्यंत जायची. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ थांबली आणि चूक दहा-वीस मीटरवर आली. शंभर मीटरच्या घोळात माणूस कुठल्या गल्लीत उभा आहे हे कळत नाही, दहा-वीस मीटरमध्ये बहुतेक वेळा कळतं. सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांना हातातल्या फोनने वाट दाखवावी, ही कल्पना त्यामुळे करून पाहण्याजोगी झाली.

गरज मात्र जुनीच. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनने 1993 मध्ये 'सेफ रिटर्न' योजना सुरू केली. मनगटातल्या कड्यावर ओळख आणि फोन नंबर असायचा. वाट चुकलेला माणूस कुणाला भेटला, तर त्याने फोन करायचा. पुढे जीपीएस स्वस्त झालं आणि कड्याच्या जोडीला घड्याळं, लॉकेट, बुटाच्या टाचेत बसवलेली यंत्रं आली. विचार तोच राहिला: माणूस हरवणार, तो घरच्यांना सापडला पाहिजे. इंग्लंडमध्ये ससेक्स पोलिसांनी 2013 मध्ये अशी यंत्रं घेतली, तेव्हा पेन्शनरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. गुन्हेगारावर ठेवतात तशी पाळत आजारी माणसावर का, हा त्यांचा सवाल होता. जपानमधल्या इरुमा शहराने 2016 मध्ये ज्येष्ठांच्या नखांवर चिकटवायचे क्यूआर कोड वाटले.

घरच्यांची धास्ती खरी आहे, म्हणून या साधनांना मी नावं ठेवणार नाही. पण सौम्य अवस्थेतला माणूस अजून भाजी आणतो, बँकेत जातो, संध्याकाळी कट्ट्यावर बसतो. एखाद्या नाक्यावर मात्र त्याचा गोंधळ होतो. त्या क्षणी आपण कुठे आहोत हे मुलाच्या फोनवर दिसून त्याला स्वतःला काय उपयोग? त्याला हवं असतं ते पुढचं वळण.

नाक्यावरच गोंधळ का व्हावा, याचं उत्तर मेंदूच्या संशोधनातून हळूहळू मिळालं. जॉन ओ'कीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागात, ठरावीक जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी 2005 मध्ये शेजारच्या एन्टोरायनल भागात जागेची जाळीच आखणाऱ्या पेशी दाखवल्या. तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. स्मृतिभ्रंशाचं नेहमीचं कारण असलेल्या अल्झायमरमध्ये अगदी सुरुवातीला झिजणाऱ्या भागांत हा एन्टोरायनल भाग येतो. म्हणून नावं, चेहरे नीट आठवत असतानाही वाट चुकू शकते. वरून पाहिलेला नकाशा मनात फिरवून समोरच्या रस्त्याशी जुळवणं तर याहून अवघड.

ब्रिटनमध्ये एलिझाबेथ बर्टन आणि लिन मिचेल या संशोधक स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांबरोबर त्यांच्याच मोहल्ल्यातून पायी फिरल्या. ही माणसं नकाशाच्या वाटेला जात नव्हती. चर्च, बाग, टपालपेटी अशा खुणा धरून चालत होती. जुना लाल टेलिफोन बूथ ती ओळखायची, नव्या घडणीचा मात्र त्यांना कळत नसे. ग्लासगो विद्यापीठात खुणांचे फोटो एकामागून एक दाखवणारं हातातलं यंत्र ज्येष्ठांना देऊन पाहिलं. त्यांना स्मृतिभ्रंश नव्हता, तरी कागदी नकाशापेक्षा या फोटोंनी त्यांचं चालणं कितीतरी सोपं झालं.

वॉशिंग्टन विद्यापीठाने 2004 मध्ये मांडलेली 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' ही प्रणाली मला या सगळ्या प्रयत्नांत सर्वांत समंजस वाटते. फोनला ब्लूटूथने जीपीएस जोडलेला. पत्ता टाइप करायचा नाही. माणसाची रोजची ये-जा फोन आपोआप शिकून घेतो आणि नेहमीच्या ठिकाणांचे फोटो समोर ठेवतो. माणूस चुकीच्या बसमध्ये चढला किंवा उतरायचा थांबा मागे पडला, की फोनमधून दारावर टकटक केल्यासारखा आवाज येतो आणि पुढे काय करायचं ते तो सुचवतो. यात कुणाच्या पाळतीवर कुणी नाही. 2006 ते 2009 या काळात युरोपीय संघाच्या पैशावर चाललेल्या 'कॉगनो' प्रकल्पात ॲमस्टरडॅम, बेलफास्ट आणि स्वीडनमधलं लुलेओ इथे सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांनाच घरातला टचस्क्रीन आणि खिशातला फोन देऊन बघितलं. औषधाची आठवण, फोटोवर बोट ठेवून फोन लावणं आणि घरी परतायला मदत, अशी कामं त्यात होती. वापरणाऱ्यांना ते उपयोगाचं वाटलं, पण यंत्रणा मध्येच अडायची. घराघरांत पोचली ती माग काढणारी यंत्रंच. विकत घेणारा बहुधा काळजीत पडलेला मुलगा किंवा मुलगी असते, हे त्याचं मोठं कारण असावं.

आपल्याकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. खुणेने वाट सांगणं तर आपल्या अंगवळणीच पडलेलं आहे: मारुतीच्या देवळावरून डावीकडे, गिरणी सोडली की पाण्याची टाकी, टाकीसमोरचा बोळ. गूगलनेही डिसेंबर 2009 मध्ये भारतातल्या नकाशांत रस्त्यांच्या नावांऐवजी खुणांवरून दिशा सांगायला सुरुवात केली. जुलै 2022 मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर धरून दहा शहरांत रस्त्यावरून दिसणारी छायाचित्रं नकाशात आली. म्हणजे सामग्री हाताशी आहे.

फक्त खुणा त्या माणसाला विचारूनच घ्यायला हव्यात. आपल्याला ठळक दिसणारं नवं एटीएम आजोबांच्या लेखी रस्त्यावर नसतंच. बंद पडलेली गिरणी असते. त्यात पुनर्विकासात वाडा किंवा चाळ पडली, की फोनमधला फोटो उलट दिशाभूल करतो. म्हणून घरातल्या कुणीतरी आजी-आजोबांबरोबर त्यांच्याच नेहमीच्या वाटेने चालावं, ते दाखवतील त्याच वस्तूंचे फोटो काढावेत आणि दर काही महिन्यांनी पुन्हा फेरी मारून ते बदलावेत. हे काम कंपनीला दूर बसून जमणार नाही, पण तिच्या ॲपमध्ये त्यासाठी सोय मात्र असली पाहिजे.