आइसलँडची सगळी वीज ज्वालामुखीची? नाही हो!
आइसलँडची सगळी वीज ज्वालामुखीच्या वाफेवर बनते हे किती वर्षं फिरतंय, पण तसं नाहीये. तिथली साधारण ७० टक्के वीज धरणांची आहे, हिमनद्या वितळून येणाऱ्या पाण्यावरची, वाफेची उरलेली ३०च्या आसपास. घोळ होतो कारण जमिनीतलं गरम पाणी थेट पाइपने घरात येतं, दहातली नऊ घरं त्यावरच ऊबदार राहतात, राजधानी रेक्याविकमध्ये शॉवर सोडला की गंधकाचा वास येतो, पण ती उष्णता झाली, वीज नव्हे! आणि ही वीज वापरतं कोण? निम्म्याहून जास्त अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने. पूर्व आइसलँडमधला काराह्न्यूकारचा ६९० मेगावॅटचा अख्खा धरण-वीज प्रकल्प एका कारखान्यासाठी बांधला, त्यात केवढं माळरान पाण्याखाली गेलं, ते कुणी सांगतच नाही.