उद्यमबाग की काकती? तासाच्या विक्रमावरच्या कोड्याची पार्श्वभूमी

बेळगावातल्या कोडं-कॅशसाठी (कोडं सोडवून अक्षांश-रेखांश काढायचे आणि जीपीएसने तिथे लपवलेली डबी शोधायची, असा हा खेळ) सायकलपटू निवडताना फारशी चर्चा झाली नाही. बेल्जियमच्या या खेळाडूने १९६९ ते १९७२ अशी सलग चार वर्षं आणि पुन्हा १९७४ ला टूर दि फ्रान्स जिंकली, इटलीची शर्यतही पाच वेळा जिंकली, आणि कारकिर्दीत ५२५ विजय मिळवले. कोड्याला आकड्यांची कमतरता नव्हती. वाद पेटला तो अक्षांशावरून.

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर त्याने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं. आधीचा विक्रम एका डॅनिश सायकलपटूचा, तोही मेक्सिकोतलाच, १९६८ चा, ४८.६५३ चा. बेळगाव १५ अंश उत्तरेला. अंशापुढे मिनिटांच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) जागी १९७२ चा आकडा बसवला की १५° ४९.४३१′ ही रेघ शहराच्या दक्षिण अंगाने, उद्यमबाग या औद्योगिक भागाच्या आसपासून जाते. असा आयता जुळलेला आकडा कोण सोडेल? पण तासाचा विक्रम म्हणून नेमका कुठला आकडा धरायचा, यावर जगभरच्या सायकलवाल्यांचंच एकमत नाही.

कारण १९७२ नंतर सायकलच बदलली. १९८४ मध्ये एका इटालियनाने भरीव चाकं लावून ५१.१५१ किलोमीटर काढले. नकाशावर ही रेघ थेट बेळगाव शहरातून जाते. १९९३ मध्ये एका स्कॉटिश पठ्ठ्याने स्वतः बनवलेल्या सायकलीत धुलाई यंत्राचं बेअरिंग बसवलं, हात छातीखाली दुमडले आणि ५१.५९६ गाठले. ही रेघ किल्ल्याजवळची. १९९४ या एका वर्षात विक्रम चार वेळा मोडला. १९९६ मध्ये एका इंग्लिश सायकलपटूने हात पुढे ताणून ५६.३७५ केले, आणि आपली रेघ शहर ओलांडून उत्तरेकडच्या काकती गावाच्या बाजूला पोचली.

मग २००० साली खेळाच्या जागतिक संघटनेने १९७२ नंतरचे सगळे आकडे विक्रमाच्या यादीतून उचलले आणि ‘मानवी सर्वोत्तम कामगिरी’ असं नाव देऊन बाजूला ठेवले. खरा विक्रम हवा असेल तर १९७२ सारखीच सायकल चालवा: गोल नळ्यांची फ्रेम, खाली वळलेलं हँडल, तारांची चाकं. अठ्ठावीस वर्षं एका ठरावात मागे गेली. कागदावरच्या निर्णयाने रेघ कुठून कुठे सरकते, हे सीमाभागात वेगळं सांगायला नको.

या निर्णयाची बाजू समजण्यासारखी आहे. सायकल सगळ्यांना सारखी असेल तर पायातली ताकद मोजता येते. विजापूर-बागलकोटकडे शेतकऱ्यांच्या घरांतून सायकलपटू घडतात, आणि शर्यतीची चांगली सायकल लाखांच्या घरात जाते. तिथे ‘सायकल सारखी हवी’ ही मागणी पटकन मनाला भिडते.

तरीही १९७२ ची सायकल साधी होती, हे पटत नाही. वजन कमी करायला तिच्या साखळीलासुद्धा छिद्रं पाडली होती. उद्यमबागेत ड्रिलवर हात बसलेल्या कोणाही कारागिराला विचारा, साखळीच्या पट्टीत छिद्र पाडणं म्हणजे काय. पट्टी अरुंद, पोलाद कडक, आणि ड्रिल केसभर सरकला तर पट्टी वाया. त्यात ट्रॅक समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच, हवा विरळ, म्हणजे सायकलला होणारा अडथळा कमी. त्या काळातल्या सगळ्यांत पुढच्या तंत्राने केलेला विक्रम आदर्श मानायचा आणि पुढच्या पिढीच्या तंत्राला मात्र दोष द्यायचा, हा स्कॉटिश आणि इंग्लिश खेळाडूंवर उघड अन्याय होता.

त्याच इंग्लिश खेळाडूने ऑक्टोबर २००० मध्ये जुन्या पद्धतीची सायकल घेऊन नवा नियम मान्य केला आणि ४९.४४१ केले. तासभर जीव तोडून फक्त १० मीटर जास्त! आपल्या अक्षांशावर हा फरक सुमारे १८ मीटरचा होतो. त्याच वर्षी २ मे रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि ३ मे रोजी ओरेगॉनमध्ये या खेळातला पहिला डबा ठेवला गेला. त्याआधी जागा १०० मीटरपर्यंत चुकायची, तेव्हा १८ मीटरचा हिशेब कोणी केलाच नसता. आता तोच फरक म्हणजे डबी या झाडाखाली की पलीकडच्या कुंपणाशी.

२००५ मध्ये एका चेक सायकलपटूने ४९.७०० केले. इथे तो जवळजवळ अर्धा किलोमीटर उत्तरेला येतो. २०१४ मध्ये संघटनेने आपलाच नियम फिरवला, ट्रॅकच्या आधुनिक सायकली पुन्हा चालू केल्या, आणि २०२२ मध्ये एका इटालियनाने ५६.७९२ केले. रेघ परत काकतीकडे गेली.

आमच्यापैकी काहींना हा ताजा आकडाच हवा होता. पण कोडं एका माणसाच्या आयुष्यावर आहे आणि त्याच्या आयुष्यात आकडा एकच, ४९.४३१. शिवाय नियम कितीही फिरले तरी हा आकडा विक्रमाच्या यादीतून एकदाही हललेला नाही. म्हणून अक्षांश उघड ठेवला आहे.

कोड्याच्या पानावर दाखवलेला बिंदू टिळकवाडीतला आहे. खरी डबी त्यापासून साधारण ३ किलोमीटरच्या आत असावी, असा संकेत आहे. त्यामुळे ज्यांचं उत्तर काकतीला निघेल त्यांनी तिकडे गाडी काढू नये. रेखांश त्याच्या कारकिर्दीतून काढायचा आहे. ५२५ पासून सुरुवात करा, आणि १९७३ साली त्याने टूर सोडून स्पेनची शर्यत धरली होती, हे विसरू नका.