‘कोणाला?’चं उत्तर नेहमीच इनडायरेक्ट ऑब्जेक्ट नसतं
इंग्रजी वाक्यात क्रियापदाला ‘काय?’ विचारलं की डायरेक्ट ऑब्जेक्ट (ज्यावर क्रिया थेट घडते ते कर्म), ‘कोणाला?’ विचारलं की इनडायरेक्ट (ज्याला ते मिळतं ते कर्म), ही युक्ती शाळा-क्लासमधून वर्षानुवर्षं शिकवली जाते. ती अर्धवट आहे. ‘सीता इन्व्हाइटेड रवी’ हे वाक्य घ्या. कोणाला बोलावलं? रवीला. तरीही रवी इथे डायरेक्ट ऑब्जेक्टच आहे. वाक्यात दुसरं कर्मच नाही. मुलं फसतात ती मराठीतल्या ‘ला’मुळे: ‘रवीला बोलावलं’ आणि ‘रवीला पेन दिलं’, दोन्हीकडे प्रत्यय तोच.

‘सीता गेव्ह रवी अ पेन’मध्ये मात्र दिलं जातंय ते पेन, म्हणून ते डायरेक्ट, रवी घेणारा, म्हणून इनडायरेक्ट. खात्री करायची तर रवीला मागे न्या: ‘गेव्ह अ पेन टू रवी’. ‘बॉट’ असेल तर ‘टू’ऐवजी ‘फॉर’ येतं. ‘इन्व्हाइटेड’पुढे मात्र ‘टू रवी’ बसतच नाही.