ओझ्याआधी अंतर: अंगमेहनतीतली इजा मोजण्याची पार्श्वभूमी

अंगमेहनतीच्या कामाची पाहणी निघाली की पहिला प्रश्न हमखास एकच येतो: ओझे किती किलोचे? उत्तर २० आले तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण २० किलोची गोणी कमरेच्या उंचीवरून पोटाशी धरून उचलणे आणि तीच गोणी जमिनीलगतच्या फळीवरून, हात लांब करून, अंग पिळून उचलणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यात कंबर जाते. आज वापरात असलेल्या मूल्यमापनाच्या तक्त्यांना हा फरक कळतो, कारण ते वजनासोबत अंतर, उंची, पीळ, वारंवारता आणि पकडही मोजतात. तिथवर पोहोचायला जवळपास तीनशे वर्षे लागली. त्या सगळ्या वाटेवर एक वाद सोबत राहिला: माणूस दुखावला तर खोट कुणाची, त्याच्या शरीराची की कामाच्या मांडणीची?

सुरुवात एका मैल्याच्या खड्ड्यापासून होते. इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य राहत. त्यांच्या घराचा खड्डा उपसायला आलेला माणूस जिवाच्या आकांताने काम करताना त्यांना दिसला. इतकी घाई कशाला, असे त्यांनी विचारले. त्यावर तो म्हणाला की आत चार तासांपेक्षा जास्त थांबणे म्हणजे काय, हे त्यात उतरल्याशिवाय कळायचे नाही, डोळे जातात. या भेटीतून रामाझिनींना विषय मिळाला आणि १७०० साली कामगारांच्या आजारांवरचा त्यांचा ग्रंथ आला. रोग्याच्या घरी गेल्यावर साध्या तिपाईवर का होईना पण नीट बसा, आणि नेहमीच्या प्रश्नांत एकाची भर घाला, असे त्यांनी वैद्यांना सांगितले. तो प्रश्न होता: तू काम काय करतोस?

१७१३ सालच्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे दिली: सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि मनावरचा ताण. आजच्या कुठल्याही पाहणीच्या कागदावर स्थिर शरीरस्थिती, पुनरावृत्ती आणि मानसिक ताण असे तीन रकाने सापडतात. रामाझिनींनी ते मोजपट्टीशिवाय, नुसते बघून आणि विचारून भरले होते. मला हे फार मोलाचे वाटते.

काम माणसाला साजेसे कसे करायचे याच्या अभ्यासाला ‘अर्गोनॉमिक्स’ म्हणतात. हा शब्द पोलंडच्या वोयचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ मध्ये एका साप्ताहिकात वापरला. ग्रीक भाषेतले ‘काम’ आणि ‘नियम’ असे दोन शब्द त्यांनी जोडले. पुढे तो विस्मरणात गेला. १९४९ मध्ये ब्रिटनच्या ह्यूवेल मरेल यांनी तो नव्याने घडवला आणि त्याच सुमारास तिथे या विषयाची पहिली संस्था उभी राहिली.

दरम्यान, कामामुळे शरीर बिघडते हे मान्य करायला नुकसानभरपाईच्या कायद्यांनी भाग पाडले. तारयंत्रावर दिवसभर कळ दाबणाऱ्यांच्या हाताला पेटके येत. ब्रिटनने १९०८ मध्ये हा विकार भरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत घातला. पाठोपाठ चौकशी समिती बसली. १९११ च्या अहवालात समितीने दोन कारणे मांडली: त्याच त्या हालचालींचा थकवा, आणि काम करणाऱ्याची मज्जासंस्थाच मुळात अस्थिर असणे. या दुसऱ्या कारणाने पुढची कितीतरी दशके गोंधळ घातला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्यांचे हात मोठ्या संख्येने दुखू लागले, तेव्हाही हे दुखणे हातात आहे की मनात, यावर डॉक्टरांमध्ये जाहीर वाद झडले. दुखणाऱ्या माणसाला दुखण्याबरोबर संशयही सोसावा लागला.

आता जरा मागे जाऊ. काम घड्याळ लावून मोजण्याची पद्धत अमेरिकेत रुजली, पण ती इजा टाळण्यासाठी नव्हती. फ्रेडरिक टेलर यांना उत्पादन हवे होते. एका फावड्यात सुमारे साडेनऊ किलो माल आला तर दिवसाअखेर सर्वाधिक काम होते, असे त्यांनी काढले आणि जड-हलक्या मालासाठी वेगवेगळ्या मापांची फावडी करून घेतली. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात बिडाच्या लगडी वाहून वाघिणीत भरायचे काम होते. एक लगड सुमारे ४२ किलोची. माणशी रोज साडेबारा टन माल हलत होता, तो साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याचे टेलर यांनी १९११ च्या पुस्तकात अभिमानाने लिहिले. त्या तपशिलांवर पुढे इतिहासकारांनी शंका घेतल्या. तरी आकडा खरा मानून हिशेब केला तर एका माणसाने ४२ किलोचे ओझे दिवसात साडेअकराशेहून जास्त वेळा उचलायचे. हे आठांतल्या एकालाच झेपेल, असे टेलर स्वतःच सांगतात. उरलेल्या सातांना दुसरीकडे पाठवायचे, म्हणजे कामाला जोगा माणूस शोधायचा. काम बदलायचे नाही.

त्याच काळात फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंडीकामाकडे पाहिले. त्यांना दिसले ते असे: वीट जेमतेम दोन किलोची, पण ती पायाशी रचलेली. प्रत्येक विटेसाठी गवंडी आपले सगळे धड खाली नेतो आणि वर आणतो. विटेपेक्षा तो स्वतःलाच उचलतो. गिलब्रेथ यांनी वर-खाली होणारी परांची केली, विटा आणि गारा कमरेच्या उंचीवर आणल्या, विटेची चांगली बाजू आधीच वर करून ठेवायला मदतनीस दिला. एका विटेमागच्या १८ हालचाली पाचांवर आल्या आणि तासाला १२० ऐवजी ३५० विटा लागू लागल्या. हेतू इथेही वेगाचाच होता. पण कमरेचे वाकणे ‘नीट वाकत जा’ असे बजावून गेले नाही, विटांची जागा बदलल्यावर गेले. या सगळ्या इतिहासातले मला सर्वात पटलेले उदाहरण हेच.

वाकण्याने मणक्यात नेमके काय होते, हे १९६० च्या दशकात दिसले. स्वीडनचे शल्यचिकित्सक अल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यातल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसल्यावर तो जास्त निघाला, आणि ओझे धरून पुढे झुकल्यावर तर फारच वाढला. कारण साध्या तरफेचे आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटीमीटरवर ओढतात. ओझे ५० सेंटीमीटर पुढे असेल तर ते पेलायला स्नायूंना दहापट जोर लावावा लागतो. २० किलोच्या गोणीसाठी २०० किलोचा ताण, तोही धडाचे स्वतःचे वजन सोडून, आणि तो सगळा चकतीला दाबतो. गोणी २५ सेंटीमीटरवर आणली की हा भार निम्मा होतो. वजनाला हातही लावलेला नसतो.

स्टोव्हर स्नूक यांनी वेगळी वाट धरली. ते एका विमा कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. पाठदुखीच्या दाव्यांचे पैसे कंपनीला भरावे लागत. त्यांनी कामगारांना पेटी उचलायला दिली आणि वजन ठरवण्याची मुभा त्यांनाच दिली. पेटीत शिशाचे छर्रे घाला, काढा; दिवसभर दमछाक न होता झेपेल तिथे थांबा. यातून निघालेले तक्ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, १९९१ मध्ये सुधारले गेले आणि आजही वापरले जातात. रामाझिनींच्या तिपाईवरचा प्रश्न इथे प्रयोगशाळेत परत आला, असे मी समजतो: तुला काय झेपते? १९७८ च्याच स्नूक यांच्या दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष आणखी थेट होता. माणसे निवडून घेणे आणि उचलण्याचे प्रशिक्षण देणे यांनी पाठीच्या इजा कमी झालेल्या दिसल्या नाहीत; कामाची मांडणी माणसाला साजेशी केली तर एक तृतीयांशापर्यंत टळू शकतील, असे त्यांनी मांडले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो होती. एकच आकडा, सगळ्या परिस्थितींना लागू. अमेरिकेच्या नायॉश या संशोधन संस्थेने १९८१ मध्ये आणि सुधारून १९९१ मध्ये याला पर्याय म्हणून सूत्र दिले. चकतीवरचा दाब ३,४०० न्यूटनच्या (साधारण ३५० किलोच्या भाराच्या) आत राहावा, दम लागू नये आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना ते झेपेलसे वाटावे, या तिन्ही कसोट्या त्यात एकत्र आहेत. सुरुवात २३ किलोपासून होते, आणि तेही सगळे मनासारखे असेल तर. तिथून प्रत्येक अडचण आपला वाटा कापून घेते.

तीच २० किलोची गोणी घ्या. हात पायांच्या घोट्यांपासून ५० सेंटीमीटर पुढे, म्हणून २३ चे साडेअकरा झाले. हात जमिनीपासून फक्त १५ सेंटीमीटरवर, म्हणून ९.४. गोणी ६० सेंटीमीटर वर चढवायची, ८.४. अंग ४५ अंशांत वळते, ७.२. मिनिटाला एक याप्रमाणे दिवसभर, ५.४. गोणीला धरायला कान नाही, ४.९. म्हणजे या जागी शिफारसयोग्य वजन पाच किलोहूनही कमी, आणि उचलले जाते त्याच्या चौपट. आता गोणी कमरेएवढ्या मंचावर, अंगाजवळ, समोरासमोर आणा: मर्यादा साडेपंधरा किलोवर जाते आणि प्रमाण चारवरून १.३ वर येते. कोणता बदल किती उपयोगाचा, हे एका ओळीत दिसते. जुन्या ५५ किलोच्या आकड्यात ही ताकद नव्हती.

उचलण्याखेरीजच्या कामांसाठी शरीराची स्थिती पाहून धोक्याचे गुण देणाऱ्या इतर पद्धती आल्या, आणि प्रत्येकीवर तिच्या जन्मस्थानाची छाप आहे. फिनलंडच्या ओवाको पोलाद कारखान्यात कामगारांच्या छायाचित्रांवरून ‘ओवास’ बनली. १९७७ साली ती छापून आली. पाठीच्या चार, हातांच्या तीन, पायांच्या सात स्थिती आणि ओझ्याचे तीन गट, इतकेच ती पाहते. मनगट तिच्यात नाहीच. १९९३ ची ‘रूला’ इंग्लंडमध्ये मान, खांदे आणि हात यांच्या दुखण्यासाठी तयार झाली. शिलाई यंत्रावरच्या आणि संगणकाच्या पडद्यासमोरच्या माणसांवर ती तपासली गेली. रुग्णसेवेतल्या अवघड, बदलत्या स्थिती तिच्यात बसेनात, म्हणून २००० मध्ये ‘रीबा’ आली. हाताच्या कामांबद्दल बार्बरा सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांचा १९८६ चा अभ्यास महत्त्वाचा ठरला: जोर आणि पुनरावृत्ती दोन्ही जास्त असलेल्या कामांत हात-मनगटाच्या विकारांची शक्यता, दोन्ही कमी असलेल्या कामांच्या सुमारे तीसपट निघाली. जोर आणि पुनरावृत्ती एकमेकांना पेटवतात, हे त्यातून कळले.

कागदावरच्या गुणांना कायद्यात जागा मिळणे मात्र सोपे नव्हते. कॅलिफोर्नियात भाजीची आणि बीटची रोपे विरळायला आखूड दांड्याची कुदळ देत. तिने काम करायचे तर तासन्‌तास दुमडून चालावे लागे. कुदळ मोडकी नाही, तिची धार ठीक आहे, मग ते असुरक्षित हत्यार कसे, असा सरकारी सुरक्षा विभागाचा पवित्रा होता. जानेवारी १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. नेमून दिलेल्या पद्धतीने वापरल्यावर जे हत्यार पाठ मोडते ते असुरक्षितच, असा त्या निकालाचा अर्थ; त्यानंतर त्या कुदळीवर बंदी आली. सर्वसाधारण उद्योगांना लागू होणारा अर्गोनॉमिक्सचा नियम अमेरिकेच्या संघराज्य सरकारने नोव्हेंबर २००० मध्ये जाहीर केला, पण मार्च २००१ मध्ये तो संसदेच्या ठरावाने रद्दही झाला. युरोपात १९९० च्या निर्देशानेच ओझी हाताळण्याच्या धोक्याचे मूल्यमापन मालकाच्या जबाबदारीत घातले होते.

आज कामगाराच्या अंगावर संवेदक बांधून किंवा कॅमेऱ्याने सांध्यांचे कोन काढता येतात. गुण काही क्षणांत मिळतात, पण सूत्र तेच आणि त्याच्या मर्यादाही त्याच. नायॉशचे समीकरण एका हाताने उचलण्याला लागू नाही. गुडघे टेकून किंवा अडचणीच्या जागेत उचलणे, ढकलणे, ओढणे, घसरडी जमीन, फावड्याने उपसणे या कशालाच ते लागू नाही. टेलर यांनी ज्या फावड्यातला माल मोजला, ते फावडेच त्याच्या बाहेर राहिले आहे. तरी ही कामे त्याच तक्त्यात कोंबलेली मी पाहिली आहेत, आणि खाली आलेला हिरवा आकडा पाहून पाहणी संपवलेलीही.

रुग्ण उचलणे हेही बराच काळ असेच बाहेर होते, कारण माणूस म्हणजे पेटी नव्हे. तो मध्येच हलतो, घाबरून गळ्याला मिठी मारतो, पाय सोडून देतो. २००७ मध्ये हेच समीकरण वापरून रुग्णासाठी सुमारे १६ किलोची मर्यादा सुचवली गेली, तीही रुग्ण सहकार्य करणारा आणि शांत असेल तरच. प्रौढ माणसाचा नुसता एक पायही पुष्कळदा यापेक्षा थोडाच हलका भरतो. त्यामुळे पूर्ण माणूस हातांनी उचलू नये, त्यासाठी यंत्र हवे, हा मुद्दा परिचारिका पूर्वीपासून मांडत होत्या. आता त्यांच्याकडे आकडाही आहे.