आंबट पान, जड कार्बन

इंदूरकरांची सकाळ पोहे-जिलबीने होते आणि पावसाळ्यातली रात्र सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसाने सरते. या ताटातला सगळा कार्बन हवेतूनच आला, तरी अणू-रेणूंचं वजन तोलणारा मास स्पेक्ट्रोमीटर त्याचे दोन गट पाडतो. पोह्यांचा तांदूळ आणि जिलबीचा मैदा एकीकडे, मका आणि पाकातली उसाची साखर दुसरीकडे. ही फोड कशी सापडली, ते उष्ण प्रदेशातल्या झाडांनी बरंच आधी सांगून ठेवलं होतं. ऐकायला उशीर झाला.

आमच्या गच्चीवर पानफुटीची कुंडी आहे. पहाटे पानाचा तुकडा चावला की जीभ आंबते. दुपारी त्याच पानाला धड चव नसते. दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेच चाखून लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि ते 1815 मध्ये छापून आलं. पानफुटी रात्री पानावरची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा छिद्रं मिटून त्याची साखर करते, हा उलगडा मात्र विसाव्या शतकातला.

पानात शिरलेला कार्बन पुढे कुठे जातो हे पाहायला खूण केलेला, म्हणजे किरणोत्सारामुळे माग काढता येणारा, कार्बन हवा होता. अमेरिकेत बर्कलीत सॅम रुबेन आणि मार्टिन केमन यांनी आधी कार्बन-11 वापरला, पण तो दर 20 मिनिटांनी निम्मा होतो; प्रयोग संपायच्या आत खूण पुसट. 1940 मध्ये त्यांना कार्बन-14 मिळाला, ज्याला निम्मं व्हायला 5,730 वर्षं लागतात. 1943 मध्ये रुबेन फॉस्जीन या विषारी वायूच्या अपघातात गेले, अवघे 29 वर्षांचे. पुढे मेल्विन केल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी त्याच कार्बन-14 ने शेवाळातला कार्बनचा मार्ग उलगडला. पहिला पदार्थ तीन कार्बनचा निघाला. 1961 चं नोबेल एकट्या केल्विन यांना मिळालं. बेन्सन यांचं नाव त्यात असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

शेवाळात दिसलं तेच सगळीकडे असणार, असं सगळे धरून चालले. हवाईच्या ऊस संशोधन केंद्रात ह्यूगो कोर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर यांना उसाच्या पानात काही वेगळंच दिसत होतं: खुणेचा कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लांत सापडे. त्यांचा लेख 1965 मध्ये आला. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी मार्गाची मांडणी केली. म्हणून ऊस, मका, ज्वारी ही सी-4, तर भात, गहू, हरभरा सी-3.

दुसरा धागा कार्बन-13 चा, म्हणजे नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड कार्बनचा. हा किरणोत्सारी नाही, निसर्गातल्या कार्बनमध्ये जेमतेम 1.1 टक्का. झाडांत त्याचं प्रमाण सारखं नसतं हे आधीच कळलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये रेडिओकार्बनवर, म्हणजे कार्बन-14 वरून जुन्या वस्तूंचं वय काढण्यावर, काम करणाऱ्या मार्गारेट बेंडर यांनी 1968 मध्ये मका आणि इतर गवतं मोजली. एका ठरलेल्या नमुन्यापेक्षा कार्बन-13 किती कमी, हे दर हजारी मोजलं तर सी-3 झाडं उणे 27 च्या आसपास भरतात, सी-4 उणे 13 च्या. मधलं अंतर जवळजवळ रिकामं. याच फरकामुळे मक्याच्या जुन्या कणसाचं वय दुरुस्तीविना सुमारे 200 वर्षांनी कमी दिसतं.

कारण रुबिस्को या, पानात कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) आहे. ते हलका कार्बन आधी उचलतं, जड मागे ठेवतं, आणि सी-3 पानात हा मागे राहिलेला वायू बाहेर निसटतो. सी-4 मध्ये रुबिस्को शिरांभोवतीच्या बंद पेशींत बसलेलं असतं. पुढ्यात आलेलं जवळपास सगळं संपवावं लागतं, मग निवडीला वाव कुठला?

1982 मध्ये ग्रॅहम फार्क्वर आणि सहकाऱ्यांनी हे समीकरणात बसवलं. छिद्रं जितकी मिटलेली, तितकी रुबिस्कोची निवड कमी, तितका सी-3 पानात जड कार्बन जास्त. म्हणजे गव्हाचं पान मोजून त्याने पाणी किती जपून वापरलं हे कळू लागलं. या मोजमापावर निवडलेलं ‘ड्रायस्डेल’ हे गव्हाचं वाण 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात आलं.

माळव्यात गहू पेरणाऱ्याला हे समीकरण परकं वाटू नये. आणि जिथे ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, तिथल्या काळ्या मातीत कुजलेला पालाही आधी सी-4 चा आणि नंतर सी-3 चा. अशा शेतातली माती थराथराने मोजली, तर पीक बदलल्याचं त्यात दिसायला हवं.