विद्यापीठ कुणाचं? अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या निष्ठेची पार्श्वभूमी

अलाबामा राज्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला शेजारीपाजारी लवकरच विचारतात, तुम्ही अलाबामाचे की ऑबर्नचे? माझा या दोन्ही विद्यापीठांशी काही संबंध नाही, असं सांगून सुटका होत नाही. विचारणाऱ्याचाही अनेकदा नसतो. तो ट्रक चालवत असेल, गॅरेजात काम करत असेल, कॉलेजची पायरी कधी चढलाही नसेल. पण हंगामातल्या शनिवारी तो अलाबामाच्या किरमिजी रंगाचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसतो आणि ‘आपण’ जिंकलो की ‘आपण’ हरलो, याच भाषेत बोलतो.

अमेरिकेतली कॉलेज फुटबॉलची निष्ठा समजून घ्यायची तर या माणसापासून सुरुवात करायला हवी. माजी विद्यार्थ्याचं प्रेम आपल्याला कळतं. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘आव्वाज कुणाचा’ म्हणत घसा फोडणारी पोरं आपण पाहिली आहेत. पण त्या पोरांनी त्या कॉलेजात प्रवेश घेतलेला असतो. ज्यांनी कधी प्रवेशच घेतला नाही, अशी लाखो माणसं विद्यापीठाला पिढ्यान्‌पिढ्या आपलं म्हणतात, हे कसं घडलं?

सुरुवात झाली तेव्हा हा खेळ अगदी मोजक्यांचा होता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक इथे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात जो सामना झाला, त्याला पहिला कॉलेज फुटबॉल सामना मानतात. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस खेळाडू होते आणि खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या जवळचा होता. १८७४ मध्ये हार्वर्डचा संघ कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी खेळला. मॅकगिलचे नियम रग्बीचे होते आणि हार्वर्डला ते आवडले. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्पने १८८० च्या दशकात त्या रग्बीला आजच्या अमेरिकी फुटबॉलचा साचा दिला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही श्रीमंत घरच्या मुलांची विद्यापीठं होती. मैदानावरची धक्काबुक्की म्हणजे मर्दानगीचं शिक्षण, अशी त्यांची समजूत होती. तिची किंमतही मोजावी लागली. १९०५ मध्ये मैदानावरच्या मृत्यूंवरून देशभर ओरड झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या तीन विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. दुसऱ्या वर्षी चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि खेळाचं नियमन करणारी संघटना उभी राहिली. तीच आजची एनसीएए.

खेळ सर्वसामान्यांपर्यंत पोचला तो एका वेगळ्याच कायद्यामुळे, आणि त्या कायद्यात खेळाचा शब्दही नव्हता. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची होती. प्रत्येक राज्याला तिथल्या दर खासदारामागे ३०,००० एकर जमीन मिळाली. आज ज्यांच्या नावात ‘स्टेट’ किंवा ‘ए अँड एम’ आहे, त्यांतली बरीच विद्यापीठं या कायद्यातून उभी राहिली किंवा वाढली. ती चालवायला राज्याच्या विधिमंडळाकडून पैसा लागायचा. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा मुलगा तिथे कधी जाणार नव्हता, त्याच्याही करातून. त्या शेतकऱ्याला विद्यापीठाकडून प्रत्यक्ष हाताशी येईल असं काय मिळत होतं? माझ्या मते या प्रश्नाचं सगळ्यांत टिकाऊ उत्तर फुटबॉलने दिलं. प्रयोगशाळा त्याला दिसत नव्हती, संघ दिसत होता. संघाच्या छातीवर त्याच्या राज्याचं नाव होतं.

शिकागो विद्यापीठाची कथा याच्या नेमकी उलट जाते. ते खासगी विद्यापीठ. ॲमॉस अलोन्झो स्टॅग या कोचच्या काळात त्यांचा संघ देशात गाजला आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो शिकागोच्याच जे बर्वँगरला. तरीही १९३९ च्या शेवटी अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंद करून टाकला आणि तो निर्णय तीस वर्षं टिकला. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच स्टॅग मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया सुरू झाली. शिकागोला हे जमलं, कारण त्याच्यामागे विधिमंडळ नव्हतं आणि राज्याचं नाव खांद्यावर नव्हतं. ओहायोत कुणी असा प्रयत्न केला असता, तर अध्यक्षांनाच जावं लागलं असतं.

ओहायो आणि मिशिगन यांचं वैर तर फुटबॉलच्या आधीचं. १८३५ मध्ये टोलीडो शहराभोवतीच्या जमिनीच्या पट्ट्यावरून दोघांनी एकमेकांसमोर सैन्य उभं केलं होतं. रक्त सांडलं ते मिशिगनच्या एका पोलीस अधिकाऱ्याचं, तेही खिशातल्या छोट्या चाकूने, आणि तो वाचला. अखेर टोलीडो ओहायोला गेलं. मिशिगनला उत्तरेकडचा मोठा द्वीपकल्प मिळाला आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचा पहिला सामना १८९७ मध्ये झाला. त्या सैनिकी तंट्यातून हे वैर थेट आलं, असं सांगायचा मोह अनेकांना होतो. मला ते थोडं ओढूनताणून वाटतं. वैर पेटलं ते सामन्यांनीच.

त्यातला एक सामना पाहण्यासारखा आहे. २५ नोव्हेंबर १९५०, कोलंबस शहर, ओहायो स्टेटचं मैदान. हिमवादळ सुरू होतं आणि मैदानावरच्या रेषा दिसत नव्हत्या. अशा बर्फात चेंडू हातात ठेवण्यापेक्षा लाथेने लांब उडवून प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात घालणं शहाणपणाचं होतं. मिशिगनने तसं २४ वेळा केलं. पूर्ण सामन्यात त्यांना एकदाही दहा यार्ड पुढे सरकून चालींची नवी संधी मिळवता आली नाही आणि तरीही ते ९-३ असे जिंकले. हे बघायला पन्नास हजारांहून जास्त माणसं त्या वादळात आली होती. पराभवाने ओहायोच्या कोचची खुर्ची गेली आणि १९५१ मध्ये वुडी हेज आले. त्यांनी ‘मिशिगन’ हे नाव उच्चारायचंच टाळलं. ते ‘वरचं ते राज्य’ म्हणत. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले बो शेंबेकलर १९६९ मध्ये मिशिगनचे कोच झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी गुरूच्या अजिंक्य संघाला २४-१२ असं हरवलं. पुढची दहा वर्षं मध्य-पश्चिमेत नोव्हेंबरचा तो शनिवार सणासारखा पाळला गेला. आजही त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे ‘एम’ अक्षर आहे, तिथे लाल पट्टीची फुली मारलेली असते.

राज्य नसलेल्यांनाही एक संघ मिळाला. इंडियानातलं नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ. १९२० च्या दशकात आयरिश, इटालियन, पोलिश स्थलांतरितांकडे अमेरिकेत संशयाने पाहिलं जायचं. कोच क्नूट रॉकनीचा संघ न्यूयॉर्कला आर्मीशी, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाशी, खेळायला आला की हेच लोक भुयारी रेल्वेने मैदानावर लोटायचे. त्यांना ‘सबवे ॲलम्नाय’, म्हणजे भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी, असं नाव पडलं. यांची पदवी म्हणजे रेल्वेचं तिकीट. त्या संघात त्यांना आपली माणसं देशातल्या मातब्बरांना हरवताना दिसत होती, आणि इंडियानातल्या त्या कॅम्पसचं तोंडही न पाहिलेल्यांना तेवढं पुरेसं होतं.

दक्षिणेत हीच गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १ जानेवारी १९२६ रोजी कॅलिफोर्नियात रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात अलाबामाने वॉशिंग्टनला २०-१९ असं हरवलं. मध्यंतराला ते ०-१२ मागे होते. गृहयुद्धातला पराभव आणि त्यानंतरची गरिबी उराशी धरून बसलेल्या दक्षिणेने हा विजय एका विद्यापीठाचा मानलाच नाही. तो सगळ्या प्रदेशाच्या मानाचा झाला. पण ‘आपण’ या शब्दात कोण होतं? संघ पूर्ण गोऱ्यांचा होता, विद्यापीठही. ११ जून १९६३ रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस टस्कलूसात विद्यापीठाच्या दारात उभे राहिले, ते व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारण्यासाठी. केंद्राच्या आदेशापुढे त्यांना बाजूला व्हावं लागलं. फुटबॉल संघाला आणखी सात वर्षं लागली. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामाला ४२-२१ असं झोडपलं. त्यात कृष्णवर्णीय सॅम कनिंगहॅमने १३५ यार्ड धाव घेतली. या सामन्यामुळे अलाबामा बदललं, असं नेहमी सांगतात. पण पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक विल्बर जॅक्सन तेव्हा आधीच अलाबामात दाखल झालेला होता. नव्या विद्यार्थ्यांना खेळू न देण्याच्या तेव्हाच्या नियमामुळे तो मैदानाबाहेर होता. दार उघडलं ते मलोन आणि हूड यांच्या धैर्याने आणि न्यायालयांनी. फुटबॉलला त्याचं श्रेय देणं मला अन्यायाचं वाटतं.

याच राज्यात घरोघरी दोन तट पडलेले आहेत. टस्कलूसाचं विद्यापीठ म्हणजे वकील, डॉक्टर, पुढारी घडवणारं, आणि ऑबर्न म्हणजे मॉरिल कायद्याखालचं शेतकी-तंत्र कॉलेज, ही जुनी समजूत अजून पुरती पुसलेली नाही. १९०७ चा सामना ६-६ असा बरोबरीत सुटला. त्यानंतर खेळाडूंच्या भत्त्यावरून आणि पंच कोण असावा यावरून वाद झाला आणि दोन्ही संघ ४१ वर्षं एकमेकांशी खेळलेच नाहीत. विधिमंडळाने तगादा लावला, तेव्हा १९४८ मध्ये बर्मिंगहॅमला सामना झाला. अलाबामा ५५-० ने जिंकलं.

ऑबर्नमध्ये टूमर्स कॉर्नर नावाचा चौक आहे. विजयाच्या रात्री तिथल्या दोन जुन्या ओक वृक्षांवर लोक टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या भिरकवायचे, इतक्या की फांद्या पांढऱ्या व्हायच्या. २०१० च्या सामन्यात ऑबर्नने मोठी पिछाडी भरून काढत २८-२७ असा विजय मिळवला. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांशी तणनाशक ओतलं आणि स्वतःच रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून सांगितलं. त्याला तुरुंगवास झाला. झाडं वाचली नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये ती काढावी लागली. झाडं मारण्यापर्यंत गेलेल्या त्या माणसाला दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी धिक्कारलं. अलाबामाच्या लोकांनी तर झाडांच्या उपचारासाठी पैसेही गोळा केले. ही दुसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते.

अलाबामात आजही एनएफएल या व्यावसायिक लीगचा संघ नाही. नेब्रास्कातही नाही. ही लीग १९२० मध्ये सुरू झाली ती मुख्यतः उत्तरेच्या औद्योगिक शहरांत; अटलांटाला संघ मिळायला १९६६ उजाडलं. तोवर दक्षिणेत आणि मैदानी राज्यांत शनिवार कॉलेजांनी व्यापून टाकला होता. नेब्रास्काच्या लिंकन शहरातल्या स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपतात. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. ही निष्ठा पुरुषांच्या फुटबॉलपुरती असती तर ३० ऑगस्ट २०२३ चा दिवस दिसला नसता. त्या संध्याकाळी याच मैदानावर नेब्रास्काच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहायला ९२,००३ माणसं आली.

महाराष्ट्रातून एम.एस. करायला जाणारी पोरं याच वातावरणात उतरतात. पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम, जॉर्जिया टेक, ॲरिझोना स्टेट ही नावं आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या क्रमवारीतून पोचलेली असतात. ऑगस्टमध्ये विमानातून उतरावं आणि पंधरा दिवसांत हंगाम सुरू व्हावा, असं होतं. टेक्सास ए अँड एममध्ये विद्यार्थी संपूर्ण सामना उभ्याने पाहतात. १९२२ च्या जानेवारीत संघातले खेळाडू जायबंदी होत गेले, तेव्हा ई. किंग गिल हा विद्यार्थी गणवेश चढवून गरज पडली तर खेळायला म्हणून शेवटपर्यंत मैदानालगत उभा राहिला होता. त्याच्या आठवणीत ते अजून उभे राहतात. परदेशात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याला त्या लाखभर लोकांत उभं राहिल्यावर पहिल्यांदा आपण इथले आहोत असं वाटलं, तर त्यात नवल नाही.

या सगळ्याखाली पैसा नेहमीच होता. १९८४ नंतर तो वर आला. एनसीएए टीव्हीवरचे सामने मोजूनमापून दाखवू देत असे. त्या वर्षी ओक्लाहोमा विद्यापीठाने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली आणि एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट (कॉन्फरन्स) स्वतःच प्रक्षेपणाचे हक्क विकू लागले. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा फुटबॉलचा कोच असतो. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा करारानुसार त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं भाग होतं. खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येऊ लागलं आणि २०२५ मध्ये एका न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी डॉलर. हे आधीच व्हायला हवं होतं. या पोरांच्या गुडघ्यांवर आणि मेंदूवर इतरांनी अनेक दशकं कमाई केली.

खेळाडू आता दर वर्षी विद्यापीठ बदलू शकतो, आणि जुने चाहते यावर हळहळतात. मला त्याची एवढी काळजी वाटत नाही. खेळाडू चार वर्षांत जाणारच, हे या निष्ठेने पहिल्यापासून गृहीत धरलेलं आहे. खरा घाव बसतोय तो शेजारावर. टीव्हीच्या करारांसाठी विद्यापीठांनी जुने गट सोडले. २०२४ पासून लॉस एंजेलिसचं यूसीएलए आणि न्यू जर्सीचं रटगर्स एकाच गटात आहेत. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट हे दोन संघ १९१० पासून एकही वर्ष न चुकता खेळत आले होते. दोन्ही विद्यापीठांत अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटरचं. ओक्लाहोमाने गट बदलला आणि ४ नोव्हेंबर २०२३ चा सामना शेवटचा ठरला. ओक्लाहोमा स्टेटने तो २७-२४ ने जिंकला. २०२४ च्या वेळापत्रकात तो नव्हता. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा सामनाही असाच २०११ नंतर बंद पडला होता. तो तेरा वर्षांनी सुरू झाला, कारण दोन्ही विद्यापीठं पुन्हा एका गटात आली.